दारू बंद केली आणि आता हात थरथरतायत, भास होतायत. घरी कुणाला माहीत नाही. काय करू?

सातारी_गडी (सोमवार, रात्री १२:४०)

नमस्कार. आयडी आजच काढलाय, ओळखीतल्या कुणाला सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितोय. वय २६, गाव साताऱ्याकडे, जॉबमुळे वाकडला फ्लॅटवर राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा रात्री एकट्याने बसायची सवय लागली, आधी बिअर, मग क्वार्टर, आणि गेलं वर्षभर रोज हाफ तरी लागतेच, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. सकाळी हात थरथरतात म्हणून ऑफिसला जायच्या आधी पण थोडी घ्यायला लागलो होतो.

पाडव्याला आई-बाबा येणारेत म्हणून ठरवलं की बास, आणि शनिवारी रात्री शेवटची घेऊन रविवारपासून एकदम बंद केली. काल नुसती मळमळ आणि घाम होता, आज संध्याकाळपासून हात एवढे हलतायत की पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागतोय, छातीत धडधड, झोप शून्य, जेवण जात नाही. आणि मघाशी चार्जरची वायर सरपटताना दिसली. मला माहितीये की ती वायर आहे तरी मी पाय वर घेऊन बसलोय. कुणी बोलावल्यासारखा आवाज पण येतोय. वेड लागतंय का मला? हे आपोआप जाईल का, किती दिवस सहन करायचं? रूममेट दुसऱ्या खोलीत झोपलाय, त्याला एवढंच माहितीये की मी "कधीतरी" घेतो.

मिसळ_जादा_तर्री (१२:४८)

घाबरू नको मित्रा, हे सगळ्यांनाच होतं. थोडासा उतारा घे, एक नाइन्टी मार आणि झोप, सकाळी फ्रेश. नाहीतर मेडिकलवाला ओळखीचा असेल तर झोपेची गोळी आण त्याच्याकडून. दारू अशी एकदम सोडायचीच नसते.

वॉर्डातली_ताई (१२:५३)

सातारी, मी सोलापूरला सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. बाळा आधी एक काम कर, हे वाचून झालं की उठ आणि रूममेटला उठव. लाजू नकोस, त्याला एवढंच सांग की मी रोज पीत होतो, बंद केली आणि आता तब्येत बिघडलीये, मला दवाखान्यात ने. बाथरूमला गेलास तर आतून कडी लावू नकोस. बाईक चालवायची नाही, रिक्षा किंवा कॅब, काहीच मिळालं नाही तर १०८.

तुला वेड लागलेलं नाही. हा दारू सोडल्याचा त्रास आहे, विथड्रॉवल म्हणतात, रोज जास्त पिणाऱ्याने एकदम थांबवली की येतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण भास सुरू झालेत म्हणजे घरी बसून सहन करायची वेळ गेली.

डॉ_संत्रानगरी (१:०२)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नागपूरला. ताईंनी सांगितलंय ते आत्ताच कर, बाकीचं रिक्षात वाच.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला उलट बाजूची, उत्तेजित करणारी यंत्रणा वाढवत नेतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू जशी कोसळते तसं दारू एकदम थांबली की होतं. म्हणून थरथर, घाम, धडधड, बीपी वाढणं. हे साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत सुरू होतं. फिट यायचा धोका बहुतेक पहिल्या ४८ तासांत असतो. आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे माणसाला आपण कुठे आहोत, वार कुठला हे कळत नाही, जे दिसतंय ते खरंच वाटतं, ताप चढतो, माणूस उठून पळतो. हे थोड्याच लोकांना होतं, पण उपचार नाही मिळाले तर जीव जाऊ शकतो. तू शनिवारी रात्री थांबवलीस, म्हणजे नेमका त्याच उंबरठ्यावर आहेस. वायर ही वायर आहे हे तुला अजून कळतंय, ही चांगली गोष्ट आहे, आणि म्हणूनच आत्ता निघायचं.

मिसळ, तुमचा हेतू चांगला असेल पण हा सल्ला आज रात्री चालणार नाही. दारू घेतल्यावर थरथर कमी होते हे खरं आहे, त्याच चक्रात हा मुलगा वर्षभर आहे. पण त्याला मळमळ आहे, भास सुरू झालेत, किती पोटात राहील आणि पुढे काय होईल ते घरी कुणालाच सांगता येणार नाही. आणि दारू अधिक झोपेची गोळी, तीही स्वतःच्या मनाने, यात श्वास थांबू शकतो. आम्ही जी औषधं देतो ती त्याच प्रकारातली असतात, पण नाडी, बीपी, लिव्हर बघून, मोजून, आणि रोज कमी करत. मेडिकलच्या काउंटरवर ते होत नाही.

सातारी, रात्रभर कॅज्युअल्टी उघडी असते आणि आयसीयू आहे अशा मोठ्या हॉस्पिटलला जा. तिथे चार गोष्टी स्वतःहून सांगायच्या: रोज किती घ्यायचास, शेवटची कधी घेतलीस, आधी कधी फिट आलीये का, आणि दुसरी काही गोळी किंवा नशा करतोस का. कमी करून सांगू नकोस. औषध किती द्यायचं ते याच्यावरूनच ठरतं.

सातारी_गडी (१:०९)

पोलीस केस होईल का? आणि ऑफिसला किंवा घरी कळवतात का?

डॉ_संत्रानगरी (१:११)

नाही. दारू सोडताना त्रास झाला म्हणून उपचार घेणं हा गुन्हा नाही. ऑफिसला कुणी कळवत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाचे आजार धरलेले आहेत आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्यात आहे. नातेवाईक कोण म्हणून विचारतील, तेव्हा रूममेटचं नाव सांग. निघालास का?

पंचगंगा_घाट (१:१४)

भावा मी कोल्हापूरचा, तुझ्या वयाचाच आहे, मला यातलं काय कळत नाही पण जागा आहे. रूममेटला उठवलंस का सांग लगेच. उठत नसला तर दार वाजवत बस लेका.

सातारी_गडी (१:१९)

उठवला. काही बोलला नाही, सरळ पँट चढवली आणि कॅब बघतोय. निघतोय.

वॉर्डातली_ताई (१:२६)

देव भलं करो त्या पोराचं.

तो पोचेपर्यंत एक लिहून ठेवते, इतर वाचणाऱ्यांसाठी. आमच्याकडे ऑर्थोच्या वॉर्डात हे फार बघायला मिळतं. पाय मोडून माणूस ॲडमिट होतो, पहिला दिवस ठीक, दुसऱ्या दिवशी चिडचिड, आणि तिसऱ्या रात्री सलाइन उपसून काढतो, चादरीवरचे किडे वेचत बसतो, मेलेल्या माणसाशी बोलतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, कुणी अंगारा लावतं, कुणी देवऋषीला आणायला गावाकडे गाडी पाठवतं. रोज पिणारा माणूस आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं, कारण बायकोला लाज वाटते आणि त्याला स्वतःला ते सांगण्यासारखं वाटत नाही. श्रावणात पण तसंच, महिनाभर पाळायची म्हणून एका दिवसात बंद, किंवा पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब नाही. श्रद्धा फार मोठी गोष्ट आहे, माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी बघितलेत. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते त्याने माळ घालायच्या आधी डॉक्टरला भेटावं. कधीमधी घेणाऱ्याने बंद केली तर काही होत नाही, हे रोजच्या पिणाऱ्यांसाठी सांगतेय.

दुसरं म्हणजे सलाइन. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. रोज दारू पिणाऱ्याच्या अंगात बी-१, म्हणजे थायमिन, कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, गोंधळ होतो, आणि वेळेत बी-१ मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आम्ही आधी थायमिनचं इंजेक्शन देतो. दारूचं खरं सांगा म्हणतो ते याच्यासाठी.

नाशिक_पायी (१:५५)

सातारी पोचला असेल अशी आशा. मी पिणं सोडून बरीच वर्षं झाली, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जातो. कॅज्युअल्टीच्या बाकावर बसल्यावर आता बरं वाटतंय, चल घरी, असं मनात येईल. तेव्हा उठू नकोस. दर थोड्या वेळाने कमी-जास्त होतंच ते.

सातारी_गडी (मंगळवार, पहाटे ४:३०)

मी रूममेट लिहितोय, त्याच्या फोनवरून, त्यानेच सांगितलं की लोक काळजीत असतील. ॲडमिट केलंय. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला लावली, मग वार विचारला, तर हा बुधवार म्हणाला. नाडी १२८ होती. बी-१ चं इंजेक्शन दिलं आणि दुसरं एक शिरेतून, त्यानंतर अर्ध्या तासात याला फिट आली. तिथे होतो म्हणून बरं, दोन सिस्टर धावत आल्या, कुशीवर वळवलं, तोंडाला मास्क लावला, मिनिटभरात थांबली. सीटी स्कॅन काढलाय, ठीक आहे म्हणाले. आता आयसीयूत झोपलाय. मी बाहेर खुर्चीवर आहे. फ्लॅटवर असतो तर काय झालं असतं याचा विचार डोक्यातून जात नाहीये.

दोन वर्षं एका घरात राहतो आम्ही. बाटल्या दिसायच्या. विचारावं की नको असं वाटून गप्प बसायचो.

वॉर्डातली_ताई (५:१०)

तू नेलंस, फार मोठं काम केलंस. आता काहीतरी खाऊन घे. पुन्हा फिट आलीच आणि तू जवळ असलास तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, तोंडात चमचा किंवा पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही. आणि घरच्यांना कळवायचं का ते त्याच्याशी बोलून ठरव, शुद्धीवर नीट आला की.

मिसळ_जादा_तर्री (सकाळी ८:२०)

वाचून हादरलो. माझ्या चुलत्यांना दारू बंद केल्यावर फिट आलेली, घरात सगळे म्हणायचे मिरगी आहे, त्यांनी पुढे कितीतरी वर्षं मिरगीच्या गोळ्या खाल्ल्या आणि दारू पण चालूच. डॉक्टर, हे पण तेच असू शकतं का?

डॉ_संत्रानगरी (९:०५)

असू शकतं, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण प्रत्येक वेळी दारू थांबवल्यावर दुसऱ्या दिवशीच फिट येत असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. आणखी एक, असं दर वेळी एकदम सोडायची, त्रास झाला की परत धरायची, परत सोडायची, यात पुढचा प्रत्येक त्रास आधीच्यापेक्षा जड जाऊ शकतो. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याचा भरवसा धरू नका. चुलते आता घेत असतील तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत न्या, तिथे ही सोय असते आणि खर्च अगदी कमी. फोनवर विचारायचं असेल तर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे.

सातारी_गडी (शनिवार, दुपारी ३:१५)

मीच लिहितोय आता. काल वॉर्डात हलवलं. मधलं फारसं आठवत नाही, एक रात्र मला पक्कं वाटत होतं की मी गावच्या एसटी स्टँडवर आहे आणि गाडी लागलीये आणि हे लोक मला चढू देत नाहीत, सिस्टरला मी कंडक्टर म्हणत होतो असं रूममेटने सांगितलं. त्या दर थोड्या वेळाने येऊन हात बघायच्या, घाम बघायच्या, तेच तेच प्रश्न विचारून कागदावर आकडा लिहायच्या, आणि त्याप्रमाणे औषध. हात आता शांत आहेत. सकाळी चहाचा कप एका हाताने धरला आणि बराच वेळ तसाच धरून बसलो.

आईला फोन केला. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली की तुझ्या आवाजावरून मला कधीचं वाटत होतं. दोघं येऊन गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण डिस्चार्जचे कागद कुठे मिळतात, बिल कधी होतं हे विचारत सगळीकडे फिरत होते.

तुम्ही सगळे त्या रात्री जागे राहिलात. मला ते कसं मांडावं कळत नाही.

आता पुढे काय? डॉक्टर म्हणाले शरीरातून गेली, व्यसन गेलेलं नाही. घरी नेतो म्हणतायत आई-बाबा. मला भीती वाटते फ्लॅटवर जायची पण आणि गावाला जायची पण, तिथे सगळे विचारणार.

नाशिक_पायी (शनिवार, सायं. ५:४०)

तू शुद्धीवर येऊन हा प्रश्न विचारतोयस याचाच मला फार आनंद झालाय. डॉक्टर बरोबर सांगतात. हॉस्पिटलमधून माणूस कोरा होऊन बाहेर येतो, पण साडेसात वाजले की पाय त्याच दुकानाकडे वळतात, माझे तर कितीतरी महिने वळायचे. तेव्हा मी काय केलं तर साडेसातच्या आतच मीटिंगला जाऊन बसायचो. आमच्या गटात कुणी तुझी जात, पगार, आडनाव विचारत नाही, चहा देतात आणि ऐकून घेतात. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केली, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, आणि एकाने दुसऱ्याशी बोलायचं हीच तिची मूळ रीत. पुण्यात, मुंबईत, नाशकात आणि तालुक्याच्या गावांमध्ये पण मराठीत मीटिंगा चालतात, फी काही नाही. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून परत आलास तरी चालेल.

राहून उपचार घ्यायचे असतील तर तू पुण्यातच आहेस, मुक्तांगणची चौकशी कर. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडेंची त्याला मदत होती. तिथून बाहेर पडून आज दुसऱ्यांना उभं करणारे लोक मी स्वतः ओळखतो.

डॉ_संत्रानगरी (शनिवार, रात्री ९:३०)

कुठलंही केंद्र निवडताना एवढं बघ: डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, काही झालं तर जवळचं हॉस्पिटल कुठलं. नाक्यानाक्यावर बोर्ड लागलेत. काही ठिकाणी मारहाण होते, बांधून ठेवतात, तसं ऐकलं तर तिथून लगेच निघायचं. पेशंटला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने स्पष्ट बंदी आहे.

तलफ कमी करायची औषधं पण असतात, नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे. तुझ्या लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून तुझे डॉक्टर ठरवतील, पण फॉलोअपला हा विषय तू स्वतः काढ, आपल्याकडे पेशंट विचारत नाही आणि गडबडीत राहून जातं. बी-१ च्या गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत. झोप काही आठवडे तुटक राहील, चिडचिड होईल, त्याला घाबरू नको. मन फारच खाली गेलं, जगणं नको असं वाटलं तर रूममेटला सांग आणि १४४१६ लाव, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मधल्या_आळीतली (रविवार, सकाळी १०:१०)

सातारी, हा धागा मी काल रात्रीपासून वाचतेय. माझा भाऊ २९ चा आहे, लातूरला असतो, रोज पितो आणि दर सोमवारी सोडतो. तो कुणाचंच ऐकत नाही म्हणून आईने एक गोळी मागवलीये, नकळत भाजीत घालायची, दारूचा तिटकारा येतो म्हणे. ओळखीतल्या एकीने दिलीये, पाकिटावर नाव पण नाही. घालू का नको यावरून आज घरात भांडण झालंय. डॉक्टर प्लीज सांगा.

डॉ_संत्रानगरी (रविवार, सकाळी १०:२५)

घालू नका. आईला आत्ता सांगा. अशा पाकिटात बहुतेक वेळा डायसल्फिराम नावाचं औषध निघतं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं, क्वचित जीवही जातो. हे औषध आम्हीही देतो, पण पेशंटला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने, दारू थांबवून झाल्यानंतरच. त्याला माहीतच नसेल तर तो नेहमीसारखा पिणार आणि भाजी वाढणाऱ्या तुमच्या आईसमोर कोसळणार.

दर सोमवारी तो सोडतो तेव्हा दुसऱ्या दिवशी काय होतं? हात, घाम, उलटी, फिट?

मधल्या_आळीतली (रविवार, सकाळी १०:४१)

हात थरथरतात. मागच्या महिन्यात एकदा बाथरूममध्ये पडला होता, तो म्हणाला पाय घसरला. जीभ चावलेली होती.

डॉ_संत्रानगरी (रविवार, सकाळी १०:४४)

मग ती फिट असायची दाट शक्यता आहे. या सोमवारी त्याला एकट्याने सोडू देऊ नका. उद्या सकाळी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीला चला म्हणा. दारू सोडायला चल असं म्हणू नका, त्या दिवशी पडलास ते दाखवून येऊ असं म्हणा, ते खरंही आहे. तोपर्यंत त्याच्याकडून जबरदस्तीने बाटली काढून घेऊ नका.

सातारी_गडी (रविवार, सकाळी ११:०५)

ताई, तुझा भाऊ माझ्याशी बोलेल का? मला उपदेश करता येत नाही, करणार पण नाही. फक्त मला काय दिसलं, काय झालं तेवढं सांगेन. मोबाइल आहे माझ्याकडे, वॉर्डात चारनंतर बोलू देतात.

मधल्या_आळीतली (रविवार, सकाळी ११:३२)

विचारते त्याला. पुडी फ्लश केली, आई रडतेय पण ऐकलं तिने. तुझा नंबर मेसेजमध्ये टाक, इथे उघड्यावर नको.